गुण आलेला माणूस

टेबलाखाली काहीतरी ओले आणि गार माझ्या पोटरीला लागले, आणि मी एवढ्या जोरात पाय ओढला की खुर्चीसकट मागे सरकलो. वाचनालयातली सगळी वर्तमानपत्रे खाली झाली. सांगलीच्या या वाचनालयात मी दोन वर्षे रोज सकाळी येतो, कोपऱ्यातली खुर्ची धरतो, आणि आजवर माझ्याकडे कुणी मान वर करून पाहिले नव्हते. आज सगळ्यांनी पाहिले. शिपाई मौला धावत आला, वाकला, आणि एका पिवळट कुत्र्याला मानेला धरून त्याने बाहेर काढले. "काय करत न्हाई मास्तर. गरीब हाय. हुंगलं नुसतं." मी म्हटले, बरोबर आहे, माझीच चूक. चूक कुणाची हे ठरण्याआधीच ती माझी असे म्हणायची मला सवय आहे. त्यामुळे खरोखर माझी असते तेव्हा तीच वाक्ये पुन्हा वापरावी लागतात आणि त्यांत काही उरलेले नसते. पण मौला गेला नाही. माझे धोतर गुडघ्यापर्यंत वर गेले होते आणि त्याला पोटरीवरचे चार वण दिसले. "आरं तिच्या! चावलं व्हतं व्हय कवा?" "फार वर्षांपूर्वी. औंधला." "मंग काय केलं?"

साधा प्रश्न. कुत्रे चावलेल्या माणसाला कुणीही विचारील असा. मी चष्मा काढून पुसू लागलो. माझ्या गप्प बसण्याला लोक विद्वत्ता समजतात. मौलानेही तसेच समजून कुत्र्याला नेले, आणि मी पुढ्यातल्या वर्तमानपत्राचे तेच पान अकरा वाजेपर्यंत धरून बसलो. पोटरीवरचा ओलावा केव्हाच सुकला होता, तरी तो मला तिथेच जाणवत होता, सगळ्यांत खालच्या वणापाशी, जिथे एकदा एका आठ वर्षांच्या मुलीने बोट टेकवून विचारले होते, "दुकलं व्हतं का वो?"

औंधला मी तीन वर्षे शाळेत शिकवीत होतो. शिकवीत होतो म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोलत होतो. माझा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नसे, आणि चौथ्या रांगेपासून मागची मुले आपापले उद्योग करीत. पौषातल्या यमाईच्या यात्रेला आठवडा असताना एका संध्याकाळी मी डोंगरावरून पायऱ्या उतरत होतो आणि उतरता उतरता पुस्तक वाचत होतो. उतरताना वाचू नये हे कुणालाही कळते. माझा पाय कशावर तरी मऊ पडला, बारीक किंकाळी आली, आणि पाठोपाठ पोटरीत दात. पायरीच्या कडेला दगडांच्या सांदीत एका कुत्रीने पिले घातली होती, त्यांतल्या एकावर मी पाय दिला होता. गावात धोंडुबाई म्हणून एक म्हातारी कुत्र्याच्या विषावर मुळी उगाळून देई. तिने तीन दिवस दुधातून दिली. "पथ्य काय?" मी विचारले. "खा की काय बी. पोट हाय न्हवं?" मी खाल्ले. यात्रेत भजी खाल्ली, रेवड्या खाल्ल्या, आणि रोज सकाळी तांब्यातल्या पाण्याकडे टक लावून आपल्याला त्याची भीती वाटते का हे पाहत राहिलो. दोन महिन्यांनी त्याच पायऱ्यांवर ती कुत्री उन्हात पसरलेली दिसली. पिले मोठी होऊन तिच्या अंगावर चढत होती. तिने मला पाहून शेपूट हलवले. मला आनंद व्हायला हवा होता. मला फसवल्यासारखे वाटले. दोन महिने मी मरणाची तयारी केली होती, आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मोठे माझ्या वाट्याला आले होते, आणि ते एका बाळंतीण कुत्रीचे रागावणे निघाले.

पुढे शाळा सुटली, किंवा शाळेने मला सोडले, आणि साताऱ्याला दादासोंच्या औषधालयात मला काम मिळाले. दादासो गोरे, थुलथुलीत, नेहमी हसरे. हातात अडकित्ता असे आणि बोलताना सुपारीचे खांड टचकन तुटे. त्यांच्या बाटल्यांच्या जाहिराती मी लिहायच्या, आणि गुण आल्याची पत्रेही मीच लिहायची. आधी मला वाटले, आलेली पत्रे शुद्ध करून लिहायची. पत्रे येतच नसत. "येतात की, वाटंत हायत," दादासो म्हणत. "तंवर तुमी ल्हिवा." पोटशूळ, खरूज, लहान मुलांचा खोकला, सगळ्यांची पत्रे मी लिहिली, कधी शेतकऱ्याच्या तोंडची, कधी बाळंतिणीच्या. त्यांत काही पाप आहे असे मला तेव्हा वाटले नाही. खरूज आपोआपही जाते.

'श्वानविषहर' निघाले ते लढाईच्या दिवसांत. "मास्तर, तुमाला चावलंय न्हवं? मग दुसऱ्याचं नाव कशाला उसनं आणायचं? सोताचं ल्हिवा. खरं पत्र हुईल एक तरी." मी दीड पान लिहिले. पायऱ्या, पुस्तक, धोंडुबाई, यात्रा, सगळे. दादासोंनी तांबडी पेन्सिल घेतली. "ही धोंडुबाई कशाला मधी?" मी म्हटले, मुळी तिने दिली. "मुळी तीच हाय. बाटलीत घातली म्हणून जात बदलली का तिची?" आणि धोंडुबाईच्या जागी श्वानविषहर आले. मग ते शेवटच्या वाक्यापाशी थांबले, आणि हसू लागले, पोट हलेपर्यंत. "आन् हे काय? कुत्री अजून जित्ती हाय? मास्तर, तुमी जाहिरात ल्हिताय का कुत्रीचं चरित्र?" मी म्हटले, ते खरे आहे. "खरं हाय, पर कागदावर सरकारचा कंट्रोल हाय. एवढं खरं छापायला जागा न्हाई." पेन्सिलीची रेघ ओढली गेली. पिले, पायरी, शेपूट, सगळे रेघेखाली गेले. मी घरी जाऊन उरलेले पुन्हा वाचले. मला कबूल केले पाहिजे की ते अधिक चांगले झाले होते. आवळलेले, घट्ट, शेवट ठाशीव. 'आज बारा वर्षे झाली, मी जिवंत आहे.' एकही शब्द खोटा नव्हता. साताऱ्याच्या साप्ताहिकात दर आठवड्याला ते छापून येऊ लागले, खाली माझे नाव, ज्ञानदेव मास्तर, औंध. माझे नाव असलेला मजकूर तोवर कुठेही छापला गेला नव्हता. गुरुवारी अंक आला की मी तो घडी न मोडता घरी नेत असे.

एकदा त्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे कुणा वाचकाची तक्रार आली की ही पत्रे बनावट असतात. संपादक नेकीचे होते. त्यांनी दादासोंना निरोप धाडला, खातरजमा झाल्याशिवाय पुढचा मजकूर घेणार नाही. दादासो मला घेऊन गेले. "घ्या. जित्ता माणूस आणलाय." मी धोतर वर केले. संपादकांनी चष्मा लावून वण पाहिले, एक एक मोजले, आणि चहा मागवला. मी चहा पीत बसलो आणि ते कुत्र्याबद्दल विचारतील याची वाट पाहत राहिलो. विचारले असते तर मी सांगितले असते. मला अजूनही वाटते, सांगितले असते. पण वण खरे होते, आणि खऱ्या वणांपुढे त्यांना आणखी काही विचारावेसे वाटले नाही. उलट त्यांनी माझी माफी मागितली.

कुत्र्याबद्दल विचारले ते नाथाजीने. मार्गशीर्षातली सकाळ होती. मी आत लेबले तपासत होतो. दारात एक उंच, काटक माणूस, अंगात पलटणीतला जुना खाकी कोट, पाठीशी बायको, आणि बायकोच्या हाताला मुलगी. मुलीच्या कोपराखाली हळद भरलेली चिंधी. "औंधचं मास्तर हितंच हाईत का?" कडेगावाकडचा माणूस. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून दोन दिवस प्रवास करून आला होता. वाटेत मुद्दाम औंधला उतरून, माझी चौकशी करून. खिशात माझ्या पत्राचे कात्रण होते, घडीवर फाटलेले. दादासोंनी बसा म्हटले, तो बसला नाही. "तिथं म्हनलं, मास्तर साताऱ्याला त्याच औषधाच्या दुकानात नोकरीला हाईत. तवा जरा शंका आली. ऱ्हाग मानू नका. आमी फौजंत व्हतो. खात्री केल्याबिगर पाऊल टाकत न्हाई."

मग त्याने सांगितले. दहा दिवसांपूर्वी रानातून एक कुत्रे गावात शिरले. लाळ गळत होती. दोन शेरडांना चावले, एका रेड्याला, आणि या मुलीला, सुलीला. गावाने त्याला काठ्यांनी मारले. "हितल्या सरकारी दवाखान्यात सुया देत्यात म्हनं. चौदा. पोटात. मी सुयांना भीत न्हाई, पर ही बारकी हाय. रातच्याला वरडती, पोटात नगं, पोटात नगं." त्याने बायकोकडे पाहिले. तिचे नाव साळूबाई. ती भिंतीकडे पाहत होती. "निघालो दवाखान्यातच. हे पत्र वाचलं म्हून हितं वळलो. सुया न घेता तुमी जगला, आसं ल्हिलंय." "जगलो," मी म्हणालो. सुली माझ्याकडे पाहत होती. मी वण दाखवले. ती पुढे आली, उकिडवी बसली आणि तिने तिचे बोट खालच्या वणावर टेकवले. दुखले होते का, विचारले. मी म्हटले, थोडेसे. ती हसली. माझ्याशी बोलताना मुले हसतात ती माझ्यावर. ही तशी हसली नव्हती.

नाथाजीने तिला मागे घेतले आणि माझ्या समोर येऊन उभा राहिला. "एकच सांगा मास्तर. तुमाला चावलं ते कुत्रं. ते मेलं का जगलं?"

टचकन सुपारी तुटली. दादासोंनी वर पाहिले नाही. मी नाथाजीच्या कोटाच्या पितळी गुंड्यांकडे पाहत होतो, आणि मला आधी कौतुकच वाटले, या खेडवळ माणसाने संपादकांना न सुचलेला प्रश्न बरोबर काढला याचे. ज्या प्रश्नाची मी चहा पीत वाट पाहिली होती तो समोर उभा होता. सरकारी दवाखाना याच रस्त्याला पुढे होता. मी एवढेच म्हणायचे होते की जगली. पिसाळलेली नव्हती, पिले होती तिला. मग तो कात्रण घडी करून खिशात ठेवील, मुलीचा हात धरील, पायरी उतरेल. आणि उतरताना एकदा मागे वळून माझ्याकडे पाहील. ते पाहणे मला दिसले. तीन वर्षे चौथ्या रांगेतून जे माझ्याकडे पाहिले गेले होते ते. "मेलं," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. कुणी विचारले नव्हते, तरी मी म्हणालो, "तिसऱ्या दिवशी. ओढ्याकाठी बाभळीखाली. तोंडाला फेस होता." बाभूळ कुठून आली मला माहीत नाही. ओढाही मी त्याच क्षणी वाहता केला. माझा आवाज त्या दिवशी स्वच्छ होता; चौथ्या रांगेपर्यंत पोचला असता.

नाथाजीने दीर्घ श्वास सोडला आणि माझे पाय धरले. वाकताना त्याच्या पाठीवरचा कोट ताणला गेला ते मी वरून पाहिले. दादासोंनी बाटली दिली, पथ्याचा छापील कागद दिला. सुली म्हणत होती, "मंग आता पोटात न्हाई न्हवं? न्हाई न्हवं आये?" रस्त्याला लागल्यावर ती एका पायावर उड्या मारीत गेली. दवाखान्याकडे नव्हे, मोटारीच्या थांब्याकडे.

त्यानंतरचे दिवस मी काय केले, हे आज वाचनालयातल्या खुर्चीत बसून आठवण्याचा प्रयत्न करतो तर फार काही सापडत नाही. मी पुस्तके वाचली. एकदा सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन चावल्यानंतर किती दिवसांपर्यंत सुया चालतात हे विचारायचे ठरवले, फाटकाशी पहारेकऱ्याने "काय पायजे?" म्हटले आणि मी काही नको म्हणून परत फिरलो. कडेगावला कार्ड टाकावे असे मनात आले. कार्ड आणलेही. त्यावर 'रा. रा. नाथाजी यांस' एवढे लिहिले, आणि त्याचे आडनाव मला माहीत नाही हे लक्षात आल्यावर मला बरे वाटले. आडनावावाचूनही ते पोचले असते. खेड्यात पोचते. मी स्वतःला असेही सांगितले की सगळ्याच चावलेल्यांना बाधत नाही, धोंडुबाईच्या मुळीत कदाचित काही असेल, मी काही वैद्य नाही, मला काय कळते. आपल्याला काही कळत नाही ही माझी लहानपणापासूनची समजूत यापूर्वी कधीच इतकी माझ्या उपयोगी पडली नव्हती.

माघ लागला होता तेव्हा ते दोघे आले. मुलगी बरोबर नव्हती. मला वाटले, तो मला मारणार. मी दादासोंच्या मागे सरकलोही. नाथाजीने मात्र वाकून नमस्कार केला. "सुली गेली मास्तर." दाढी वाढली होती, खाकी कोट तोच. "पाणी बघितलं की आंग वाकडं व्हायचं. वाऱ्याची झुळूक सोसना. तीन दिस. शेवटाला मला वळखंना." तो सांगत होता आणि दादासो चुक् चुक् करत होते. "मी दोष द्यायला आलो न्हाई. तुमचं कुत्रं मेलं आन् तुमी जगला, तवा औषध खरंच हाय. आमचंच कायतरी चुकलं." त्याने खिशातून पथ्याचा कागद काढला. तेल, तीळ, गूळ, आंबट, एक्केचाळीस दिवस वर्ज्य. "हिनं संक्रातीला पोरीला तिळगूळ दिला. एक वडी. एकूणचाळिसाव्या दिशी. म्हनं, समदी पोरं खायाला लागली, ही तोंडाकडं बघत बसली. आता समदं गाव म्हनतंय, हिनंच पोर मारली. आई म्हनती, हिला घरात ठिवू नगं, भावाकडं पोचीव. मी म्हनलं, आसं नगं. मास्तरला इचारू. मास्तर म्हनतील, एका वडीनं काय हुत न्हाई, तर हिला परत घरी न्हेतो. कोन काय बोलंल ते बोलंल."

तो कागद मी लिहिला होता. दादासोंना पथ्य हवे होते, कारण "पथ्याबिगर औषधाला वजन येत न्हाई." काय काय वर्ज्य करायचे ते मी खुर्चीत बसून ठरवले. तेल आधीच होते; तेलानंतर कानाला बरे वाटले म्हणून तीळ घातला.

साळूबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. अंगाने अर्धी झाली होती. दादासो अडकित्ता मिटून माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावर हसू नव्हते, आणि ते हसत नसत तेव्हा मला त्यांची भीती वाटे. एका वडीने काही होत नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होते. पण त्याच्यामागून दुसरे येणार होते. मग कशाने झाले? आणि त्याच्यामागे बाभूळ, ओढा, फेस. एक काढले की सगळेच हाताला येणार होते. "पथ्य," मी म्हणालो, आणि आवाज पुन्हा तिसऱ्या रांगेपलीकडे जाईना. "पथ्य कडक असतं त्याचं."

नाथाजीने मान खाली घातली. बोलली ती साळूबाई. माझ्याशी ती त्याआधी एक शब्द बोलली नव्हती. "मास्तर, ह्यांनी मला पत्र वाचून दावलंय. तुमाला चावलं तवा पूसच व्हता न्हवं? यमाईच्या जत्रंच्या वक्ताला." मी हो म्हटले. "मंग तुमच्या एक्केचाळीस दिसांत बी संक्रात आली आसंल. तुमी तिळगूळ खाल्ला व्हता का?" तिने ते भांडणाच्या सुरात विचारले नाही. पदराचे टोक घट्ट धरून ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. शाळेत कधी कुणी शहाण्या मुलाने नेमका प्रश्न विचारला की मला घाम फुटत असे, तसा फुटला. यात्रेतल्या रेवड्यांचा कुरकुरीत तीळ मला दाढेखाली स्पष्ट लागला.

"नाही," मी म्हणालो. "मी पाळलं होतं."

"मंग झालं," ती म्हणाली.

"ऐकलंस न्हवं?" नाथाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखे काहीतरी होते. तिच्या भावाच्या गावची मोटार किती वाजता आहे हे बघायला तो थांब्याकडे गेला, आणि जाताना तिला म्हणाला, "हितंच बस." ती पायरीवर बसली. पाठमोरी. दादासोंनी सुपारी काढली. "बरं बोललात," ते हळूच म्हणाले, "पुढच्या छपाईला पथ्याचा मजकूर जरा ठळक घिऊ." मी लेबले घेऊन बसलो. त्या दिवशी तीनशे तपासली. पाच वाजले तरी नाथाजी आला नव्हता आणि ती तशीच बसली होती, आणि दादासो किल्ल्या घेऊन उभे राहिले. औषधालयाला दार एकच. मी छत्री घेतली, उंबऱ्यावर आलो, आणि खोकलो. तिने वळून पाहिले. वडीलधारा माणूस बघून बाई करते तसे तिने डोक्यावरचा पदर नीट केला, पाय जवळ ओढून घेतले, आणि अंग चोरून मला वाट दिली. मी तिच्या बाजूने उतरलो. आता ती काही विचारणार नाही, असे मनात येऊन मला हायसे वाटले.